२०२५ च्या जांभूळ वाइनवरील अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या २०२५ च्या जांभूळ वाइनबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय घरातल्या सगळ्यांनी वाचला. वाइन आदल्या वर्षीपेक्षा फिकी आणि पाणचट लागली, बाटलीच्या तळाशी गाळ होता, किंमत मात्र वाढलेली होती आणि विचारल्यावर ‘पावसामुळे झाले’ एवढेच उत्तर मिळाले. त्यावरून आम्ही वाइनमध्ये पाणी घातले असावे, असे आपण म्हटले आहे. वाइन फिकी आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. पाणी घातल्याचा आरोप मात्र आम्हांला मान्य नाही, आणि नाताळच्या गर्दीत काउंटरवर जे एका वाक्यात सांगितले गेले ते इथे नीट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

नाशिककडे वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात, कोरड्या हवेत उतरवली जातात. तळकोकणातल्या जांभळाला ती सवलत नाही. आमच्या झाडांवरची बहुतेक फळे मेच्या उत्तरार्धात पिकतात, आणि नेहमीच्या वर्षी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून त्या मधल्या दिवसांतच सगळी तोडणी उरकावी लागते. २०२५ मध्ये २० मेनंतर इथे मुसळधार पाऊस लागला, २४ मे रोजी कमी दाबाचे तीव्र क्षेत्र रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आले आणि २५ मे रोजी तळकोकणात मोसमी पाऊस दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. मुंबईत तो २६ मे रोजी, म्हणजे नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी पोहोचला. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी उरकायची, कामे कोणाचीच झालेली नव्हती आणि आमची निम्म्याहून अधिक जांभळे झाडावरच होती.

पिकलेल्या जांभळावर असा पाऊस पडला की काय होते, हे हातात फळ घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. फळ टपोरे दिसते, पण देठाजवळ साल बारीक चिरते, बोटाने दाबले की गराऐवजी आधी पातळ गुलाबी पाणी येते आणि सकाळी मांगरात (शेतावरच्या खोपटात) आणून ओतलेल्या पाटीवर दुपारपर्यंत चिलटे घोंगावू लागतात. त्या चिरेतून आंबण्याची क्रिया आपल्या हाताबाहेर सुरू होते आणि तिचा शेवट व्हिनेगरमध्ये होतो. म्हणून घरातल्या बायका आणि शेजारणी एकेक फळ पाहून निवडत बसल्या होत्या, आणि पाटीतले जेवढे टाकले तेवढे आम्ही याआधी कधी टाकले नव्हते.

जांभळाच्या रसात मुळातच साखर कमी असते. चांगल्या उन्हाच्या वर्षी ती साधारण १२ ते १४ अंश ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) भरते, आणि वाइनमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल यायचे तर २१-२२ अंश लागतात. ही तूट साखर घालून भरून काढतात. फळांच्या वाइनमध्ये ही रूढ पद्धत आहे आणि आम्हीही दरवर्षी तेच करतो. पण साखरेने अल्कोहोल येते. रंग आणि तुरटपणा येत नाही, कारण ते मुख्यतः सालीतून उतरतात. एरवी आम्ही साली रसात बराच काळ राहू देतो. २०२५ मध्ये चिरलेल्या सालींवर बुरशी धरण्याची भीती होती, त्यातच वादळात वीज सारखी जात असल्याने टाक्या थंड ठेवणे जनरेटरवर अवलंबून होते, म्हणून साली लवकर बाहेर काढल्या. वाइन निर्दोष राहिली, पण फिकी झाली. आपल्याला चवीत जे पाणी जाणवले ते पावसाने फळातच भरलेले होते.

बाहेरून गोठवलेला गर आणून किंवा गडद द्राक्षांचा रस मिसळून रंग आणि अंग (दाटपणा) दोन्ही आणता आले असते, आणि तसे सुचवणारेही भेटले. आमच्या लेबलवर फळाचे नाव आणि वर्ष लिहिलेले असते. त्या वर्षी आमच्या झाडांनी जे दिले ते त्या बाटलीत असावे, असे आम्ही मानतो, आणि पुन्हा असेच वर्ष आले तरी हाच निर्णय घेऊ. आम्हांला पाणी घालून माल वाढवायचाच असता तर तो करवंदाच्या वाइनमध्येही वाढवला असता. करवंदे मात्र पावसाआधीच काढून झाली होती, आणि त्याच वर्षाची, त्याच टाक्यांतली ती वाइन नेहमीसारखीच गडद आणि आंबटसर उतरली आहे.

गाळाबद्दल थोडक्यात. आम्ही वाइन फार बारीक गाळत नाही, त्यामुळे सालीतले रंगद्रव्य आणि तुरटपणा देणारे टॅनिन एकत्र येऊन हळूहळू तळाशी बसतात. ते अपायकारक नाही. बाटली एक दिवस उभी ठेवून सावकाश ओतली की ग्लासात येत नाही.

किंमत वाढली, कारण तेवढ्याच मजुरीत रस कमी मिळाला. शिवाय जांभळाची फांदी मुळातच ठिसूळ असते, त्यात ओल्या झाडावर चढायचे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून गड्यांना जास्त मजुरी दिली आणि जोराच्या पावसात कोणालाही झाडावर चढू दिले नाही. त्यापायी काही झाडांची जांभळे खाली पडून गेली, आणि त्याची आम्हांला खंत नाही.

आपण दोन बाटल्या घेतल्याचे लिहिले आहे. दुसरी उघडलेली नसेल तर पावतीसह परत द्यावी, पूर्ण पैसे मिळतील, किंवा त्याऐवजी करवंदाची बाटली घेता येईल. तोडणीची आणि टाक्यांची रोजची नोंदवही आम्ही ठेवतो. मेच्या त्या दिवसांची पाने आपल्याला पाहायची असतील तर दुपारी तीननंतर कधीही यावे, त्या वेळी आमच्यापैकी कोणीतरी वायनरीत असतेच.

आपले नम्र,
वायनरी चालवणारे आम्ही सर्व कुटुंबीय