‘वेडाचं सोंग घेतलं की सुटला’ : हे खरं नाही

फिरणारा मजकूर असा : ‘डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, वेड्यासारखं वागा, खुनातूनही सुटाल. तुरुंगात मानसिक उपचार म्हणजे नुसत्या झोपेच्या गोळ्या.’

आधी सर्टिफिकेट. मनोरुग्णाचं कृत्य गुन्हा धरू नये असं सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ ला (जुनं भादंवि ८४) नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. गुन्हा घडला त्या घटकेला आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळतच नव्हतं, हे आरोपीलाच दाखवावं लागतं. हत्यार लपवलं, रक्ताचे कपडे धुतले, की दहा वर्षांचे केसपेपर असूनही बचाव लंगडा पडतो.

सोंगाचं म्हणाल, तर ते रात्री उघडं पडतं. निरीक्षणासाठी वॉर्डात ठेवलेला सोंगाड्या डॉक्टरांसमोर बरळतो आणि दोन वाजता घोरत असतो. मॅनियाचा (अतिउत्तेजनेचा आजार) खरा रुग्ण तीन तास झोपूनही ताजातवाना. खरं तर उलटी चूक जास्त घातक : भिंतीकडे तोंड करून गप्प बसलेला आजारी कैदी ‘शांत’ म्हणून बराकीत तसाच राहतो.

आणि ‘सुटला’? कृत्य त्यानंच केलं पण आजारात केलं, असं ठरलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (खटले चालवण्याचा कायदा) कलम ३७४ लागतं : सुरक्षित कोठडी, किंवा हमी देणाऱ्या नातेवाइकाच्या हवाली. शिक्षेला शेवटची तारीख असते, या कोठडीला नसते. आजारामुळे खटला उभाच राहिला नाही तर आणखी वाईट. आसामचे माचांग लालुंग १९५१ साली पकडले गेले, तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेले आणि सुटले २००५ साली. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१९ साली कैद्याच्या मानसिक आजारामुळे फाशी रद्द केली खरी, पण उरलेला जन्म तुरुंगातच.

गोळ्यांबद्दलची तक्रार मात्र अर्धी खरी, फक्त जागा चुकलेली. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही भास-भ्रमांवरची औषधं, झोपेच्या गोळ्या नव्हेत. सुस्ती आधी येते, पूर्ण गुण यायला आठवडे लागतात. बिघडतं ते गोळी चुकल्यानं. अटकेत केसपेपर घरी राहतो, कोर्टाच्या तारखेला दुपारचा डोस बुडतो, दुसऱ्या तुरुंगात हलवलं की कागद मागे राहतात. मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमचं तर जास्तच नाजूक : रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर हवी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं किंवा जुलाब झाले की ती चढते, हात थरथरतात, तोल जातो, आणि पहाऱ्यावरच्याला वाटतं नशा केली.

म्हणून घरच्यांनी पहिल्याच तारखेला औषधाचं नाव, डोस आणि वेळ लिहिलेल्या केसपेपरची झेरॉक्स वकिलामार्फत कोर्टात द्यावी, दुसरी प्रत तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पोच घेऊन. जामीन झाला की तिथून चालू औषधांची चिठ्ठी मागून घ्यावी.