रडायचं राहूनच गेलं

मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली की आईने रडायचं, असा आमच्या गल्लीचा रिवाज आहे. न रडणाऱ्या बाईकडे लोक जरा संशयानेच बघतात. पलीकडच्या काकू तर रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायच्या निमित्ताने फाटकाशी थांबून माझे डोळे तपासून जायच्या.

"काहून व, अजून रडली नाहीस?"

"वेळच नाही मिळून राहिला काकू."

"रडून घे बाप्पा. कोंडून ठेवलं की बीपी वाढते."

काकूंची तिन्ही मुलं नागपुरातच, हाकेच्या अंतरावर राहतात. त्यामुळे विरहाच्या विषयावर त्या फार अधिकाराने बोलतात.

पण खरंच वेळ नव्हता. इंजिनिअरिंगची प्रवेशप्रक्रिया ज्याने कोणी आखली असेल त्याला आयांची नाडी पक्की कळलेली होती, असं माझं मत झालं आहे. पोर घर सोडणार म्हटल्यावर बाई हातपाय गाळून बसणार. तर तिला बसूच द्यायचं नाही. तिच्या हातात कागद द्यायचे. सीईटी झाली की कॅपच्या, म्हणजे प्रवेशवाटपाच्या, फेऱ्या. फेरीत नाव लागलं की पैसे भरून सीट धरून ठेवायची, मग मूळ कागदपत्रं, त्यांच्या झेरॉक्स, त्या झेरॉक्स हरवतील म्हणून त्यांच्या झेरॉक्स. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेअर. सेतू केंद्राच्या बाकावर माझा गळा दाटून आला होता खरा, पण तो सर्व्हर डाऊन झाल्यामुळे. काकूंनी तो हिशेबात धरला नाही.

त्यात नातेवाईक. "नागपुरात कॉलेजं नाहीत का?" हा प्रश्न ज्याने विचारला नाही असा आप्त आम्हाला उरलेला नाही. आहेत ना. लक्ष्मीनारायण १९४२ पासून आहे. व्हीएनआयटी १९६० पासून आहे, आणि आमच्या घरून तिथे पायी गेलं तर घामही येत नाही (नागपुरात याचा अर्थ अंतर फारच कमी, असा घ्यावा). अख्ख्या देशातली पोरं तिथे येऊन राहतात आणि त्यांच्या आया आपापल्या गावी रडतात. आमच्या पोरीला मात्र जेईईने सांगितलं, की तू त्या भिंतीच्या बाहेरूनच जा. सीईटीने हात दिला, तो थेट पुण्याहून.

या सगळ्या कागदांत मी अडखळले ती एका प्रतिज्ञापत्रापाशी. यूजीसीने २००९ साली रॅगिंगविरोधी नियम केले, तेव्हापासून विद्यार्थी आणि पालक दोघांनाही लिहून द्यावं लागतं. माझी समजूत अशी, की कॉलेजच मला लिहून देणार असेल, तुमच्या लेकीला कोणी हात लावणार नाही म्हणून. तसं नाही. मीच लिहून द्यायचं, की माझं पाल्य कोणाला छळणार नाही, आणि छळलं तर होईल ती शिक्षा मान्य आहे. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझं पाल्य त्या वेळी बाथरूमच्या दाराशी उभं राहून "आई, पाल! आई, पाल!" ओरडत होतं. मी उठले, झाडूने पाल हाकलली, आणि परत येऊन शपथेवर लिहून दिलं की ही मुलगी कोणावर दहशत बसवणार नाही. धाकटा मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "म्हणजे मला छळलेलं यात नाही का धरत?"

दुसरा दणका हॉस्टेलच्या फॉर्मचा. त्यात 'स्थानिक पालक' असा रकाना होता. तिथे माझ्या पुण्याच्या भावाचं नाव गेलं. ज्या माणसाला स्वतःच्या स्कूटरचा इन्शुरन्स कधी संपतो हे बायकोला विचारावं लागतं, तो पालक, आणि वर स्थानिक! माझ्या वाट्याला 'पालकाच्या सहीचा नमुना' एवढी एक चौकट आली. तीही इतकी चिंचोळी की माझं आडनाव बाहेर सांडलं. "दे इकडे," लेक म्हणाली, आणि नव्या फॉर्मवर, चौकटीत नेमकी बसेल अशी माझी सही तिने एका फटक्यात ठोकून दिली. खालची रेघसुद्धा. शाळेच्या डायरीतल्या, सहलीच्या चिठ्ठीवरच्या, गणिताच्या त्या एका पेपरवरच्या सगळ्या सह्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. विचारणार होते, पण फॉर्म अपलोडही झाला होता.

सामानावरून घरात दोन पक्ष पडले. ह्यांचं म्हणणं, पुण्यात सगळं मिळतं. सासूबाईंचं म्हणणं, पुण्यात काहीच मिळत नाही. मी सासूबाईंच्या बाजूने उभी राहिले. आम्ही दोघी एका बाजूला असण्याचा आमच्या संसारातला हा पहिलाच प्रसंग, त्यामुळे ह्यांनी लढायच्या आधीच हत्यार टाकलं. मग काय, मूगवड्या, सांडगे, जवसाची चटणी, तिळाची चटणी, मेसच्या भाजीवर भुरभुरायला सावजी मसाल्याची डबी. कुरडयासुद्धा. हॉस्टेलवर कढई नाही, तेल नाही, साध्या इलेक्ट्रिक किटलीलाही बंदी, पण सासूबाई म्हणाल्या, "असू दे. डोळ्यासमोर असल्या की बरं वाटते." आणि दोन गोधड्या. ४५ डिग्रीत वाढलेल्या माणसाला पुणं म्हणजे काश्मीर. पारा २० वर उतरला की आमच्याकडे कानटोप्या निघतात.

"आई, ऑगस्ट आहे."

"पुणं आहे."

सामान बांधता बांधता माझ्या लक्षात आलं की हिला सांगायचं फार काही राहून गेलं आहे. रंग जाणारे कपडे वेगळे भिजवायचे. ताप आला तर उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही. रिक्षात बसण्याआधी पैसे ठरवायचे. ओटीपी मामालाही द्यायचा नाही. मी स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, पोळ्या लाटता लाटता सांगत सुटले. ती म्हणाली, "आई, व्हॉइस नोट टाक ना, मी सावकाश ऐकते." मला भरून आलं. पोर माझं बोलणं जपून ठेवून राहिली! एका दुपारी तिच्या खोलीवरून जाताना आतून कोणीतरी चिरक्या आवाजात भरभर बोलतंय असं वाटलं. ती मीच होते. पोरीने मला दीडपट वेगावर लावलं होतं.

घट्ट झाकणाचे डबे तेवढे राहिले होते, म्हणून इतवारी गाठली. दिवस तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, मारबतींच्या मिरवणुकीचा. त्या दिवशी इतवारीत खरेदीला जायचं नसतं हे नागपूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण गाडी तीन-चार दिवसांवर आलेली, आणि चटण्यांचं तेल गोधड्यांवर सांडलं असतं तर सासूबाईंनी मला जन्मभर ऐकवलं असतं. अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून डबे घेतले आणि बाहेर येते तो रस्ता बंद. मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा भलामोठा पुतळा. काळी मारबत निघते १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि दोघींच्या मधे सापडलेल्या माणसाला बाहेर पडायला साधारण तेवढाच काळ लागतो. ढोल, ताशे, टिंगलीचे पुतळे म्हणजे बडगे, गुलाल. "रोगराई घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत!" गावाचं जे जे दुखणं असेल ते त्या बाईच्या गळ्यात घालायचं आणि शेवटी तिलाच जाळून मोकळं व्हायचं. मला तिच्याबद्दल लहानपणापासून आपलेपणा आहे.

कोणाचं लक्ष नाही असं बघून मीही आवाज लावला, "मेसची पातळ डाळ घेऊन जा गे मारबत!"

शेजारच्या पोराने चमकून पाहिलं आणि माझ्या दुप्पट आवाजात तेच ओरडला. मग त्याचे मित्र ओरडले. बघता बघता डाळ पुढच्या चौकापर्यंत पोचली.

"काकू, तुम्ही कोणत्या मेसला?"

"मी नाही रे, मुलगी. पुण्याला चालली. तू?"

"इथंच, हॉस्टेलला. घर अहेरीकडं."

हातातल्या पिशवीत सगळे डबे रिकामे. पोराच्या हातावर ठेवायला काही म्हणता काही नव्हतं, याची चुटपुट मला घरी येईपर्यंत लागून राहिली.

आता नागपूरचंच अजनी स्टेशन. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून आम्ही दोघंही जाणार नव्हतो. पुण्याला स्टेशनवर स्थानिक पालक हजर राहणार होते. पूर्वी पुण्याला जाणं म्हणजे रात्रीची गाडी. खिडकीच्या गजांतून हात धरायचा, पाण्याची बाटली द्यायची, परत काहीतरी आठवून बिस्किटांचा पुडा द्यायचा, गाडी हलली की चार पावलं सोबत चालायचं. अंधारही असायचा. रडायला एकूण फार सोयीचं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली आणि त्याच महिन्यात आमची लेक निघाली. ८८१ किलोमीटर, बारा तास. सकाळी दहाच्या आत निघायचं, रात्री दहाच्या आत पुण्यात. गाडी देखणी, गार, स्वच्छ. फक्त तिच्या काचा उघडत नाहीत.

मी काचेबाहेर, ती काचेआड. मी हाताने दाखवलं, वरचा डबा आज खा, खालचा उद्या. तिने दाखवलं, वरची बॅग खाली काढू का? मी 'नको नको' म्हणून हात हलवला. तिला वाटलं मी टाटा केला, तिनेही केला. शेवटी तिने फोन लावला. दोन हातांवर बसलेल्या पोरीशी मी मोबाइलवर बोलू लागले.

"आई, तू रडून राहिली का?"

"छे. ऊन येऊन राहिलं काचेवरून."

पण आता येणार होतं. मला आतून कळत होतं. रुमाल हातात होता, काकू मुद्दाम ऑटो करून साक्षीला आल्या होत्या, सगळी जमवाजमव झाली होती. नेमकी तेव्हाच दारं मिटली आणि माझ्या ध्यानात आलं की हे आत आहेत.

हे गोधड्यांचं गाठोडं वर ठेवायला चढले होते. या गाडीत बर्थ नाही, त्यामुळे बर्थखाली काही लोटायची सोय नाही. वरच्या रॅकवर गाठोडं एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने बाहेर येत होतं. सोडायला आलेल्यांनी उतरावं, अशी सूचना स्पीकरवर होते. ती ह्यांना ऐकू आली नाही, की ऐकू आली, यावर आमच्यात आजही एकमत नाही. गाडी हलली. खिडकीत आता दोन चेहरे होते आणि दोघंही मला हात करत होते.

एकीला सोडायला गेले आणि दोघांना सोडून बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "आता तरी रड व," त्या म्हणाल्या. मला असं हसू फुटलं की प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसावं लागलं. काकूंनी हे गल्लीत कोणत्या शब्दांत सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही.

हे वर्ध्याला उतरले. प्लॅटफॉर्म तिकिटावर वर्ध्यापर्यंत गेल्याबद्दल भाडं आणि वर २५० रुपये दंड भरला, आणि मिळेल त्या गाडीने परत आले. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नाही.

"काय बोलली?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"मोबाइल बघत होती. मग म्हणाली, बाबा, लाडू खाता का. खाल्ला."

"कोणत्या डब्यातला?"

"खालच्या."

म्हणजे बघा. ज्या माणसाने सेतू केंद्राची पायरी चढली नाही, एका प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही, 'पुण्यात सगळं मिळतं' यापलीकडे या सगळ्यात एका वाक्याची भर घातली नाही, त्याला वर्ध्यापर्यंत शेजारची जागा, वर उद्याचा लाडू. २५० रुपयांत! मी ५०० दिले असते.

संध्याकाळी चहाचा कप बाजूला सारून मी मोबाइल उघडला. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. दिवाळी त्यात बसत होती. लेकीचं पुणे ते अजनी तिकीट काढलं. मग माझं काढलं, वर्धा ते अजनी, तीच तारीख, तीच गाडी. दुपारच्या बसने वर्ध्याला जायचं आणि रीतसर तिच्या डब्यात चढायचं. शेजारी कोणी बसलेलं असेल तर त्याला उठवू, त्यात काय.

ह्यांनी मागून डोकावून पाहिलं. पैसे भरायचं बटण दाबणार तेवढ्यात म्हणाले, "थांब ना. वर्ध्याहून दोन होतील का?"