एका मुलाचे शुल्क की आठवीची वाट

गणेशोत्सवाच्या शिल्लक वर्गणीचे काय करायचे, हा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या आमच्या कट्ट्यावर दरवर्षी निघणारा विषय यंदा भलत्याच वादाला कारणीभूत ठरला, कारण अण्णा बेळगावच्या एका धर्मादाय संस्थेचे पत्रक घेऊन आले होते. ही संस्था खेड्यांतील गरीब घरची हुशार मुले निवडते, सहावीपासून त्यांना शहरातील इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत घालते आणि प्रत्येक मुलाच्या शुल्काचा भार एकेका देणगीदाराकडे सोपवते. वर्षाअखेरीस देणगीदाराला मुलाचे प्रगतिपुस्तक, छायाचित्र आणि त्याच्या हस्ताक्षरातील आभाराचे पत्र मिळते. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे रुपया नेमका कुठे गेला हे दिसल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही, आणि या योजनेत तो दिसतो, एवढ्यावरच ते खूश होते.

गुरुजींनी पत्रक दोनदा वाचले. त्यांची सगळी नोकरी तालुक्यातील सरकारी मराठी शाळांत झाली आहे. ते म्हणाले, "अण्णा, या मुलाला काय मिळणार ते इथे छापले आहे. त्याचे काय जाणार तेही मांडू या. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतील हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल उत्तीर्ण होऊन निवडले गेले, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये केंद्र सरकार देते. पण ही शिष्यवृत्ती सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. तुम्ही मूल खाजगी शाळेत घातलेत की त्याला त्या परीक्षेला बसताच येत नाही. पुढे बारावीनंतर अभियांत्रिकीसारख्या प्रवेशाच्या सीईटीला कर्नाटकात ग्रामीण मुलांसाठी १५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला पहिली ते दहावी अशी दहाही वर्षे ग्रामीण भागात शिकलेली असावी लागतात. सहावीत शहरात नेलेले मूल त्यालाही मुकले. हुशार म्हणून निवडलेत आणि हुशारीवर जे मिळाले असते तेच काढून घेतलेत."

अण्णांना हे ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. शिष्यवृत्तीच्या अटी पत्रकवाल्यांनीही कधी वाचल्या असतील की नाही, याची मला शंका आहे. परंतु वकीलसाहेबांनी अण्णांची बाजू उचलून धरली. त्यांच्या मते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या होत्या, मात्र २०१९ मध्ये कर्नाटकाने नियम बदलून, जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या बंधनातून मोकळे केले. सरकारने गरिबाला एक दार बंद केले असताना कोणी पदरच्या पैशाने ते उघडत असेल, तर त्याला दोष देता येत नाही. शिवाय शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगे काढली, तेव्हा तेही खेड्यांतली मुले शहरातच आणत होते, असा टोला त्यांनी लगावला.

गुरुजी यावर थोडे तापले. "बोर्डिंगे काढली ती खेड्यात जे शिक्षण नव्हतेच त्यासाठी. त्याच महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि त्यासाठी गावोगाव शाळा काढल्या. त्यातले वसतिगृह तेवढे उचलायचे आणि गावची शाळा सोडून द्यायची, हा कुठला न्याय?"

खरा अडसर आणला तो आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने. तो पुण्यात नोकरी करतो आणि सणासाठी आला होता. "गुरुजी, मी तुमच्याच शाळेत शिकलो. गणितात मला कधी अडले नाही, पण पदवी हातात आली तरी मुलाखतीत इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलता येत नव्हती. माझ्या वेळी ही संस्था असती तर माझ्या वडिलांनी क्षणाचा विचार केला नसता." गुरुजींनी हे नाकारले नाही. कायम शिक्षकाची जागा रिकामी राहते, मध्येच अतिथी शिक्षक येतो, तो मानधनावर किती टिकणार, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग वर्गणीतून इंग्रजीचा शिक्षकच नेमू या, असे अण्णा म्हणाले, तेव्हा वकीलसाहेबांनी त्यांनाही अडवले. गावाने पगार दिला की सरकार ती जागा भरण्याची घाई कधीच करणार नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

माझे मत तिथेच पक्के झाले. आपल्याकडे मूल शाळेतून गळते ते बहुधा सातवी संपल्यावर. गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल आठवीपासून आणि तेही मोठ्या गावात. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस आणि भीमगड अभयारण्यातली गावे पाहिली आहेत त्यांना हे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. नाल्यावरचा लाकडी साकव वाहून गेला की जवळचे हायस्कूलही त्या आठवड्यापुरते नसल्यासारखेच. २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना कर्नाटक परिवहन मंडळाच्या बसच्या तिकिटाचे पैसे पडत नाहीत, ही चांगलीच गोष्ट आहे, पण शाळा सुटल्यावर बसच नसेल तर ते फुकट तिकीट दाखवायचे कोणाला? अंधार पडल्यावर रानातून चालत येणाऱ्या मुलीला आईबाप एक पावसाळा पाठवतात, दुसऱ्या पावसाळ्यात घरी बसवतात. शिक्षण हक्क कायदाही चौदाव्या वर्षी थांबतो, त्यामुळे नववीत घरी बसलेल्या मुलीबद्दल कायद्याने जाब विचारायलाही कोणी उरत नाही. निवासी शाळेतल्या एका मुलाचे वर्षाचे शुल्क जितके, तितक्यात अशा कित्येक मुलींचा संध्याकाळचा प्रवास भागेल. त्यांचे छायाचित्र येणार नाही, हे खरे. तसे तर दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडून अनोळखी माणसाला आभाराचे पत्र लिहवून घेणे मला मुळातच खटकते. अण्णांना ते खटकत नाही, त्यांना त्यात जिव्हाळा दिसतो.

चर्चा मग व्यवहारावर आली. हायस्कूल सुटण्याच्या वेळी एक वडाप, म्हणजे प्रवासी नेणारी खाजगी जीप, ठरवावे, असे धाकट्याने सुचवले. वकीलसाहेबांनी परवाना, विमा आणि गाडीत किती मुली बसवणार हे प्रश्न काढले, आणि आधी शाळा सुधारणा समितीच्या सह्या घेऊन बसच्या वेळेसाठी आगारप्रमुखांकडे अर्ज द्यावा, त्याला उत्तर येईपर्यंतच वडाप चालवावे, अशी अट घातली. गुरुजींनी दुसरी मागणी पुढे केली: आठवीच्या मुलांचे जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, बँक खाते आणि एनएमएमएसचा अर्ज एवढे काम कोणीतरी वेळेवर करून द्यावे, कारण एका दाखल्यासाठी अर्ज राहून गेलेली मुले त्यांनी पाहिली आहेत. हे काम अण्णांनी लगेच स्वतःकडे घेतले. त्या संस्थेतल्या एका मुलाचे शुल्क मात्र ते स्वतःच्या निवृत्तिवेतनातून भरणारच आहेत, आणि तेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले.

मंडळाचे पैसे शाळा सुधारणा समितीच्या खात्यात भरायचे की मंडळाकडेच ठेवून वडापवाल्याला दरमहा पावती घेऊन द्यायचे, यावर मात्र एकमत झालेले नाही. गुरुजी पहिल्या बाजूचे आहेत, अण्णा दुसऱ्या.