‘खुर्चीत बसून’ लिहिण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक त्रस्त शिक्षक’ या नावानं लिहिणारे महोदय,

‘इयत्ता नव्हे, मूल जिथं अडलंय ते बघून शिकवा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर निवडणुकीची कामं, गट पाडले की मुलांवर ‘ढ’चा शिक्का, पुस्तकही पुरं होत नाही. हे तुमचे मुद्दे. पण सुरुवात काय, तर ‘खुर्चीत बसून शहाणपण शिकवणं सोपं असतं.’ मुद्दे होते ना तुमच्याकडे? मग हे कशाला?

निवडणुकीचं मान्य. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना चिकटवूनच ठेवली आहेत.

आता खुर्ची. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत गेली. तिसरी-चौथी एका खोलीत, आणि पोषण आहाराचा तांदूळ मोजायलाही मीच. तिसरीला ५२ वजा ३८ घातलं की बऱ्याच पाट्यांवर २६ यायचं. मोठ्या अंकातून लहान काढायचा, मग तो वर असो की खाली! त्यांना काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे द्यायचे. दोन सुट्या काड्यांतून आठ देता येईनात, की पोरं आपणहून एक गठ्ठा सोडतात. कुणाचं उत्तर २४ यायचं. त्यानं दशक सुटा केला, पण पाचाचे चार करायचे राहिले. त्याला काड्या कशाला? बोट ठेवून दाखवलं की झालं. आणि एक मुलगी ‘एकोणसाठ’ म्हटलं की ६९ लिहायची. तिची वजाबाकी चोख, संख्याच भलती. लाल फुली मात्र तिघांनाही सारखीच. तुम्ही काय करणार, तेच गणित पुन्हा फळ्यावर सोडवून दाखवणार?

तीस मुलांना तीस वेगळे पाठ घ्या, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत. रोज तासभर तीन कोंडाळी, एवढंच. एकाला मी, बाकीच्यांच्या हाताला काम.

शिक्क्याचं म्हणाल, तर जमलं की मूल उठून दुसऱ्या कोंडाळ्यात बसतं. विषय संपला. आणि पुस्तक? २६ लिहिणाऱ्या पोरासमोर शेवटचा पाठ उरकला की पुस्तक पुरं झालं म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा. केंद्रप्रमुखांची सही मिळेल.

‘निवृत्तांनी आता गप्प बसावं’ हे तुमचं शेवटचं वाक्य. नाही बसणार. पुढचा लेख भागाकारावर आहे. भांडायला जरूर या, फक्त नावानिशी या.