रक्त कमी, रक्त पातळ आणि साडेपाचशे किलो बीट

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर आत्याने एक मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि सोमवारी एका पेशंटने खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइल पुढे करून मलाच तो वाचायला दिला. मजकूर थोडक्यात असा : हिमोग्लोबिन कमी झालं की रक्त पातळ होतं आणि हिरड्यांतून गळू लागतं. जीभ-ओठ लाल असतील तर रक्त उत्तम, तपासणी नको. रक्त न थांबण्याचा आजार पुरुषांनाच होतो. आणि बीट, डाळिंब, गूळ रोज घेतलं तर १५ दिवसांत ७ चं १२ होतं. खाली हात जोडलेले चार इमोजी.

मी दातांची डॉक्टर आहे, लोकांची तोंडं बघण्यातच दिवस जातो. आत्याला जे सांगितलं ते इथे जरा ऐसपैस लिहिते.

‘रक्त पातळ होतं म्हणून गळतं.’ रक्त कमी असणं आणि रक्त न थांबणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. हिमोग्लोबिनचं काम प्राणवायू वाहून नेण्याचं. गळती बुजवण्याचं काम प्लेटलेट (रक्तातल्या बारीक चपट्या पेशी) आणि रक्त गोठवणारे घटक करतात. हिमोग्लोबिन उतरलं की रक्ताचा दाटपणा थोडा कमी होतो, पण त्यामुळे हिरडी गळत नाही. लोहाच्या कमतरतेत तर कधी कधी प्लेटलेट वाढलेल्याच सापडतात. हिरडीतून रक्त येण्याचं नेहमीचं कारण फार साधं असतं : दाताच्या मुळाशी साचलेलं किटण. रक्त दिसतं म्हणून माणूस त्या बाजूला ब्रश लावायचा थांबतो, मग किटण आणखी वाढतं, रक्तही वाढतं.

खरं तर गाडी उलट दिशेने धावते. रक्त जातं म्हणून रक्त कमी होतं. दर दोन मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण एक मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर पडतं. जास्त जाणारी पाळी, मूळव्याध, आतड्यातले जंत, दुखण्याच्या गोळ्या खाऊन पोटात झालेला व्रण, अशा वाटा आधी शोधायच्या असतात.

दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या तर मात्र मी सावध होते. चेहरा पांढराफटक, हिरड्या काही आठवड्यांत सुजून दातांवर चढलेल्या, टाळ्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, गालाच्या आत काळपट रक्ताचे फोड, अंगावर न आपटता उठलेले निळे डाग, जोडीला ताप. अशा माणसाचं किटण मी काढत नाही. त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी, करायला पाठवते, कारण बिघाड रक्त तयार होतं तिथे, हाडांच्या मगजात असू शकतो. रक्ताचा कॅन्सर कधी कधी पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरलाच दिसतो. हा माणूस १५ दिवस बीट खात बसला तर काय होईल, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं.

‘जीभ लाल म्हणजे रक्त उत्तम.’ बी-१२ कमी असलेली जीभ लालभडकच असते! दिवसभर जीभ चुरचुरते, साधी आमटीही झोंबते. हात लावून पाहिलं तर जिभेवरचा खरखरीतपणा गेलेला, पृष्ठभाग तुळतुळीत. लोह कमी असेल तर जीभ फिकट आणि गुळगुळीत होते, ओठांचे कोपरे चिरतात, तोंड वारंवार येतं. असा चिरलेला कोपरा दिसला की मी हळूच विचारते, ‘कच्चे तांदूळ खाता का? पाटीवरची पेन्सिल?’ बाई आधी हसते, मग शेजारी बसलेल्या सासूकडे बघते, मग मान हलवते. लोह कमी असलं की अशी ओढ लागते; बर्फ चघळणारेही आहेत.

याच्या उलटही घडतं. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांच्या गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ होते, तोंड उघडेना होतं. तो फिकटपणा रक्ताचा नव्हे. ती कॅन्सरआधीची पायरी असू शकते. म्हणून तोंड बघून संशय घ्यावा, निकाल मात्र प्रयोगशाळेतून घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. इतक्या बायकांना ‘तपासणी नको’ म्हणून सांगायला धाडसच लागतं.

‘रक्त न थांबण्याचा आजार पुरुषांनाच होतो.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, बहुतांशी मुलग्यांना होतो, हे खरं. पण त्याच्या वाहक असलेल्या काही बायकांतही रक्त गोठवणारा घटक कमी असतो. शिवाय रक्त न थांबण्याचाच दुसरा आनुवंशिक आजार, फॉन विलेब्रांडचा, मुलगा-मुलगी बघत नाही. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये तो पहिल्यांदा मांडला. तिथल्या ऑलंड बेटांवरच्या ज्या मुलीला त्यांनी तपासलं होतं, ती तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली.

आपल्याकडे हे कसं झाकलं जातं तेही सांगते. कॉलेजातली मुलगी दाढ काढायला येते. आईला विचारलं तर म्हणते, ‘आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं.’ मुलीला वर्षानुवर्षं अधूनमधून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन चढतं, गोळ्या थांबल्या की उतरतं. नळ उघडा आणि आपण बादली भरत बसलोय. हातात ‘बीटी-सीटी नॉर्मल’ (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ ठीक) असा कागद असतो. तो कागद पुरेसा नाही. सौम्य हिमोफिलिया आणि फॉन विलेब्रांडचा आजार त्यातून सहज निसटतात. मी प्रश्न विचारते : पॅड दर तासा-दोन तासाला बदलावं लागतं का? पाळी आठ-दहा दिवस चालते का? आधीचा दात काढला तेव्हा दुसऱ्या दिवशीही उशीला रक्त होतं का? दोन होकार आले की दाढ थांबते आणि चिठ्ठी रक्तविकारतज्ज्ञाकडे जाते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा आजारांचं निदान होतं. आजार आधी कळला तर दाढ सुखरूप निघते; औषधांची तयारी ठेवता येते आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळता येतात.

आता बीट. त्याचा लाल रंग रक्ताचा नाही, लोहाचाही नाही. १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. डाळिंबात त्याहून कमी. ५० किलो वजनाच्या बाईत साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. तिचं हिमोग्लोबिन ७ वरून १२ वर न्यायला सुमारे ५५० मिलिग्रॅम लोह लागतं. बिटातलं १० टक्के लोह अंगी लागतं असं धरलं तर साडेपाचशे किलो बीट झालं. दुप्पट अंगी लागतं म्हटलं तरी पावणेतीनशे. पंधरा दिवसांत. टेम्पो लागेल.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनीही दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एका अंकाने वाढतं, आणि आकडा नॉर्मल झाल्यावर साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळ्या घ्याव्या लागतात. गोळी आणि चहा यांत तासा-दोन तासाचं अंतर हवं. आहारात अळीव, पालेभाजीवर लिंबू, लोखंडी कढईतली चिंचेची आमटी, हे सगळं चांगलंच. पण कमतरता बी-१२ ची असेल, किंवा थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील (विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो), तर नुसत्या लोहाने ती भरून निघत नाही.

आत्याने आधी नुसता अंगठा पाठवला. अर्ध्या तासाने फोन आला : ‘अगं, मी दोन किलो आणून ठेवलंय, त्याचं काय करू?’

कोशिंबीर कर म्हटलं, दाण्याचं कूट घालून.