सांजांवची उडी आणि खिशातला आयपी68

जून उजाडला की सांजांवच्या, म्हणजे गोव्यातल्या विहिरीत उड्या मारायच्या सणाच्या, आधी आमच्या घरच्या ग्रूपवर फोनचा तो संदेश हमखास येतो. यंदा मावसभावाने पाठवला. मजकूर असा: ‘काचेच्या पाठीचा नवा फोन घ्या. आयपी68 म्हणजे पूर्ण वॉटरप्रूफ. खिशात ठेवून विहिरीत उडी मारा, मिरामारच्या समुद्रात पोहा. ओरखडा उठत नाही. 200 मेगापिक्सेल असताना कॅमेरावाला कशाला? पाणी शिरलंच तर रात्रभर तांदळात ठेवा. घेणारे सगळे खूश आहेत.’

फोन देखणा आहे, याबद्दल वाद नाही. मीही रूपावर भाळूनच तसला एक घेतला होता.

आधी पाण्याचं बघू. आयपी68 हे धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचं मानांकन; त्यातला 6 धुळीसाठी, 8 पाण्यासाठी. पण 8 म्हणजे किती खोल आणि किती वेळ, हे कंपनीच सांगते. बऱ्याच फोनना दीड मीटर, अर्धा तास असं असतं, आणि तेही गोड्या, स्थिर पाण्यात. सांजांवला डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून काठावरून उडी मारली की पाणी स्थिर कुठलं? आपटण्याचा दाब त्या चाचणीत धरलेलाच नसतो. शिवाय आतली रबरी-चिकट सीलं वापराने सैल होतात. फोन दोनदा पडला की पहिल्या दिवसाचा 68 उरेलच असं नाही.

समुद्राची गोष्ट तर वेगळीच. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. चार्जिंगच्या तोंडात ते राहिलं आणि आपण वायर लावली की आतल्या पिना गंजायला लागतात. माझा फोन असाच गेला. कोलव्याला गुडघाभर पाण्यात हातातून निसटला, लगेच उचलला, पुसला, आणि रात्री चार्जिंगला लावला. सर्व्हिस सेंटरवाल्याने सिमचा ट्रे काढून आतली लाल झालेली पट्टी दाखवली. ती मुळात पांढरी असते, पाणी लागलं की लाल होते. वॉरंटी तिथेच संपली.

हे माझंच रडगाणं नव्हे. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने जाहिरातींत फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात वापरता येतील असं भासवलं होतं. 2022 मध्ये तिथल्या न्यायालयाने 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. ओल्या तोंडात चार्जर लावला तर पोर्ट खराब होण्याचा धोका कंपनीनेही मान्य केला होता.

तांदळाचं काय सांगू! उकड्या तांदळाच्या डब्यात फोन सापडला तेव्हा आईने माझ्याकडे जे पाहिलं, ते वॉरंटीपेक्षा जास्त लागलं. तांदूळ पोर्टमधलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी आत जाते. ॲपलनेही तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय. फोन बंद करा, तोंड खाली करून हलके झटका, पंख्याखाली ठेवा. पूर्ण सुकेपर्यंत चार्जर नको. खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा.

ओरखडे? किनाऱ्याच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, आणि ते फोनच्या काचेपेक्षा कठीण. खिशात वाळूचे दोन कण पुरतात. काचेची पाठ निव्वळ नखरा मात्र नाही: धातूच्या पाठीतून वायरलेस चार्जिंग होत नाही, म्हणून काच आली. टीका करणारेही हे विसरतात.

200 मेगापिक्सेलवाले फोन बहुधा 16 ठिपक्यांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. उजेडात छान येतो. लग्नाच्या मांडवात अंधुक दिव्याखाली कॅमेरावाल्याचं भिंग मोठंच राहणार.

उरलं ‘सगळे खूश’. मी फोन घेतला त्या आठवड्यात मलाही विचारलं असतंत तर पाचपैकी पाच दिले असते. मत विचारायचंच तर ज्याने तोच फोन गोव्याच्या एका पूर्ण पावसाळ्यातून काढलाय, त्याला विचारा. मावसभावाला मी हेच लिहिलं. त्याचं उत्तर आलं: ‘मग उडी मारताना फोन तू धर.’