एक फ्रँक, १९१६ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

युद्धकाळातल्या फ्रेंच चांदीच्या नाण्यांवर मी मागे लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. ती दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताईंचे पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते. त्यांची म्हणून घरात तीन नाणी जपलेली आहेत: १९१५ चा अर्धा फ्रँक, १९१५ चा एक फ्रँक आणि १९१६ चा एक फ्रँक. या शेवटच्या नाण्याला ताईंच्या आजीने कडी लावून घेतली आणि ते गळ्यात घातलं. ताईंचं म्हणणं असं की, मी शुद्धता चुकीची दिली. १९१६ चा फ्रँक मी ‘वजनाच्या भावाचा’ ठरवला, पण तसाच फ्रँक ऑनलाइन पंधरा हजारांना विकायला आहे. काळं पडलेलं नाणं घासू नका हा सल्ला त्यांना पटला नाही. दुसऱ्या महायुद्धातली चांदी मी गाळली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, कडी लावलेलं नाणं ‘बाद’ समजावं असं मी लिहिलं, ते त्यांना लागलं. ‘लढाईवरून आलेलं नाणं सराफासारखं तराजूत टाकता, हे बरं दिसत नाही,’ असं त्यांनी लिहिलं आहे.

शुद्धतेची चूक माझीच. मी सरसकट ९०० लिहिलं होतं, म्हणजे हजार भागांत ९०० भाग चांदी. ९०० ची चांदी पाच फ्रँकच्या मोठ्या नाण्यात असायची. १८०३ मध्ये फ्रँक ठरला तेव्हा तोही पाच ग्रॅमचा आणि ९०० चाच होता. पण १८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी लॅटिन चलनसंघ केला, आणि दोन फ्रँक व त्याखालच्या नाण्यांचा कस ८३५ वर आला. तुमच्या तिन्ही नाण्यांत ८३५ चीच चांदी आहे. अर्धा फ्रँक अडीच ग्रॅमचा, एक फ्रँक पाचचा, दोन फ्रँक दहाचा. म्हणजे एका फ्रँकमध्ये शुद्ध चांदी ४.१७५ ग्रॅम. आपल्या जुन्या ब्रिटिश रुपयात ती साधारण १०.७ ग्रॅम असायची, हे शेजारी ठेवलं की अंदाज येतो. चांदीचा ग्रॅमचा भाव शंभर रुपये धरला तर फ्रँकची चांदी ४१७ रुपयांची. त्या दिवशीचा जो भाव असेल तो घालून गुणाकार करायचा. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता पंधरा हजार. ताई, इथे मात्र मी मागे येणार नाही, कारण असे आकडे पाहून लोक पैसे घालवतात हे मी पाहत आलो आहे. दुकानदाराने मागितलेली किंमत आणि गिऱ्हाइकाने मोजलेली किंमत यात फार अंतर असतं. एखाद्याने पंधरा हजार लिहून ठेवले आणि ते नाणं दोन वर्षं तसंच पडून असलं, तर ती त्या नाण्याची किंमत नव्हे. लिलावात शेवटी कितीला गेलं, तेवढंच धरायचं.

लोक चुकतात ते ‘युद्धातलं म्हणजे दुर्मिळ’ या समजुतीमुळे, आणि गोष्ट नेमकी उलटी आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि ५ ऑगस्टला कायदा करून नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं गेलं. लोकांनी काय केलं असेल? जे आपण केलं असतं तेच. हातातली चांदी घरात दडवली, बाजारात नोटा चालवल्या. सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई झाली की फ्रान्सभरच्या व्यापारी मंडळांना अर्ध्या आणि एका फ्रँकच्या स्वतःच्या चिठ्ठ्या छापाव्या लागल्या. दुसरीकडे पॅरिसची टांकसाळ रात्रंदिवस नाणी पाडत होती, आणि पाडलेली नाणी पुन्हा मडक्यांत, गाद्यांत नाहीशी होत होती. एकट्या १९१६ सालचे एक फ्रँक नऊ कोटींहून जास्त निघाले. दडवलेलं नाणं फारसं झिजतही नाही. त्यामुळे आज १९१५ ते १९१८ चे फ्रँक चांगल्या स्थितीत ढिगाने मिळतात. भीतीने पाडली, भीतीने दडवली, म्हणूनच ती उरली.

खरी दुर्मिळ नाणी दुसरीच आहेत. १९०० सालचा फ्रँक शोधून सापडत नाही, आणि तेव्हा फ्रान्समध्ये युद्ध नव्हतं. युद्धातलं एकच नाणं खरोखर शोधण्यासारखं आहे. १९१४ च्या उन्हाळ्याअखेर जर्मन फौजा पॅरिसच्या तोंडाशी आल्या, तेव्हा टांकसाळीचं काम दक्षिणेला कास्तेलसाराझँ या लहानशा गावी नेलं गेलं. तिथे पाडलेल्या नाण्यांवर ‘सी’ हे बारीक अक्षर आहे. १९१४ चे असे एक फ्रँक जेमतेम ४३ हजार आहेत. अर्थातच पॅरिसच्या साध्या १९१४ वर ‘सी’ चिकटवून विकणारेही आहेत. भिंगाखाली अक्षराचं बूड पाहा. छापातून उठलेलं अक्षर नाण्याच्या अंगातूनच वर आलेलं दिसतं, जोडलेल्याच्या कडेला बारीक फट किंवा टाक्याचा डाग सापडतो.

स्थितीबद्दल एक सांगायला हवं, कारण फ्रेंच विक्रेत्यांच्या याद्या वाचताना आपली माणसं हमखास फसतात. ‘त्रे बो’ म्हणजे शब्दशः ‘खूप सुंदर’, पण नाण्यांच्या भाषेत ते बऱ्यापैकी झिजलेलं नाणं असतं. ‘त्रे त्रे बो’ म्हणजे वापरलेलं पण तपशील शाबूत. त्यावर ‘स्युपेर्ब’, आणि टांकसाळीतून नुकतं आल्यासारखं असेल तर ‘फ्लर द क्वाँ’. १९१६ च्या फ्रँकला चांदीपेक्षा मनासारखी जास्त किंमत मिळते ती या शेवटच्या पायरीवर.

तुमच्या नाण्यावर ही पायरी कशी ओळखायची ते सांगतो. फ्रँक हातात घ्या. त्यावर पेरणारी बाई आहे, ऑस्कर रोती यांनी कोरलेली, १८९८ पासून एक फ्रँकवर आलेली. डोक्यावर टोपी, कमरेशी बियांची झोळी, उजवा हात मागे नेऊन ती बी फोकते आहे आणि मागे सूर्य उगवतो आहे. केस आणि वस्त्र वाऱ्याने मागे उडतात, म्हणजे ती वाऱ्याच्या तोंडावर पेरते आहे. कुठलाही शेतकरी असं फोकणार नाही, आणि तेव्हाही लोकांनी रोतींना हे ऐकवलं होतं. मला मात्र ती चाल फार आवडते. आता तिच्या मांडीवरच्या वस्त्राच्या चुण्या पाहा. नाण्याचा तो सगळ्यांत उंच भाग, झीज आधी तिथे लागते. चुण्या एकेक मोजता आल्या तर नाणं उत्तम. मांडी सपाट झाली असेल तर ते बऱ्याच खिशांतून फिरलेलं आहे.

हीच बाई १९६० नंतरच्या एक फ्रँकवरही आहे. ते नाणं निकेलचं, सहा ग्रॅमचं, आणि चांदी म्हणून बिनदिक्कत खपवलं जातं. लोहचुंबक लावा. निकेलचं चिकटेल, चांदीचं चिकटणार नाही.

घासण्याबद्दल. चिंच, रिठा, राख हे देवाच्या भांड्यांना ठीक आहे, कारण भांड्याचं मोल त्याच्या पृष्ठभागात नसतं. नाण्याचं असतं. छापाच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या केसाहून बारीक रेषा उमटतात. नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरतात, ते या रेषांमुळे. काळं पडणं म्हणजे वरच्या चांदीचा हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. तो काढायचा म्हणजे चांदीचा तेवढा थर काढायचा, आणि रेषा त्याच थरात असतात. मी कॉलेजात असताना १९१४ चा दोन फ्रँक दंतमंजनाने घासला होता. पांढराशुभ्र झाला. दिव्याखाली धरला तर आरे गेलेले, सगळीकडे आडव्या-उभ्या ओरखड्यांचं जाळं. तो अजून माझ्याकडे आहे आणि नवख्यांना मी तोच दाखवतो. माती बसली असेल तर कोमट पाण्यात ठेवा, मऊ कापडाने टिपा, पुसू नका. आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, आपल्या दमट हवेत त्यातून हिरवट चिकटा सुटतो.

दुसऱ्या महायुद्धातली चांदी मी गाळली नाही, फ्रान्सने ती जवळजवळ पाडलीच नाही. ६८० कसाची, तुरँ या शिल्पकाराने घडवलेली दहा आणि वीस फ्रँकची नाणी १९२९ पासून निघाली आणि त्यांच्यावरचं शेवटचं साल १९३९. १९४० च्या पराभवानंतर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारकडे उरलं जस्त आणि ॲल्युमिनियम. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ जाऊन त्या हलक्या नाण्यांवर ‘श्रम, कुटुंब, पितृभूमी’ आलं. तुम्ही ज्याचा उल्लेख केलात ते, त्या सरकारचे प्रमुख पेतँ यांच्या चेहऱ्याचं १९४१ चं पाच फ्रँक तांबं-निकेलचं आहे. पांढरं दिसतं म्हणून लोक त्याला चांदी म्हणतात. ते सव्वा कोटीहून जास्त पाडले, चलनात आणलेच नाहीत आणि बहुतेक सगळे वितळवले. उरलेल्यांना भाव आहे, पण चांदीचा नव्हे. आपल्याकडेही १९४० मध्ये रुपयातली चांदी ५०० कसावर आणली गेलीच होती.

तुम्ही ही नाणी पॅरिसला लिलावासाठी पाठवायचा विचार करता आहात, असं शेवटी लिहिलं आहे. थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं जुनं नाणंही पुरावस्तूच्या व्याख्येत येतं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पार्सल करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

आता तराजूचं. ताई, मी वजन सांगतो ते तुमचं नाणं स्वस्त ठरवायला नाही. बाजारात गेलात तर कुणी चारशेच्या नाण्याला शंभर देऊ नये आणि चारशेच्या नाण्याला तुम्ही पंधरा हजार मोजू नयेत, एवढ्यासाठी. पण आणखी एक माप आहे, ते मी लेखात द्यायला हवं होतं. १९१४ मध्ये हिंदी शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये होता. युद्धाआधीच्या विनिमयाने एक फ्रँक म्हणजे साधारण साडेनऊ आणे. म्हणजे पेटीतला एकेक फ्रँक हा दीड दिवसाहून जास्त पगार. तो त्यांनी तिथे खर्च केला नाही, घरी आणला.

आणि तारखा तुमच्या घरच्या गोष्टीशी ताडून पाहा. खडकीच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला उत्तर फ्रान्समधल्या नव-शापेल गावच्या लढाईत होत्या, आणि त्यांची फार मोठी हानी झाली. त्याच गावी आज हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, ज्यांची कबरही सापडली नाही अशा चार हजार सातशेंहून अधिक जणांची नावं तिथे कोरलेली आहेत. १९१५ संपता संपता हिंदी पायदळाच्या तुकड्या फ्रान्सहून मेसोपोटेमियाकडे हलवल्या गेल्या, सॅपर्सही त्यांच्याबरोबर. तेव्हा १९१५ ची दोन नाणी पणजोबांच्या खिशात असणं अगदी जुळतं. १९१६ चा फ्रँक जुळत नाही. तो पाडला गेला तेव्हा ते फ्रान्समध्ये नसणार. घोडदळ मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तिथे होतं, आणि १९१७ पासून मजूर तुकड्याही गेल्या. कदाचित गावातला दुसरा कुणी नंतर परत आला आणि त्याने तो दिला. कदाचित पणजोबांची पलटण आपण समजतो ती नव्हती. घरात पेन्शनचा कागद, पदक किंवा जुनं पत्र असेल तर आधी ते काढा. पदकाच्या काठावर नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते.

आजींनी कडी लावायला नेमका हाच निवडला, याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं. ‘बाद’ हा शब्द मी मागे घेतो. व्यापारी टाका लागलेल्या नाण्याला बाद म्हणतात आणि त्यांच्या व्यवहारात ते बरोबर आहे, संग्राहक त्याला चांदीच्या वर फारसं काही देत नाही. पण मी तो शब्द घरातल्या नाण्यांबद्दल लिहिताना वापरला, ते चुकलं. कडी काढायला मात्र कुणालाही देऊ नका. टाका सोडवताना आच लागेल, काठावर खळगा पडेल आणि नाण्याची किंमत तरीही वाढणार नाही.

तिन्ही नाण्यांचे दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो पाठवाल का? उजेड तिरका ठेवा. आणि कडी पेरणाऱ्या बाईच्या डोक्यावर आहे की सालाच्या बाजूने वर येते, तेही सांगा. गळ्यात घातल्यावर आजींना कुठली बाजू समोर हवी होती, ते त्यावरून कळेल.